एका सर्किटातून बावीस काढला, दुसऱ्यात ठेवला

फोनवरची मागणी अगदी सरळ होती. "बावीस गॅस मिळेनासा झालाय. मशीन ठणठणीत आहे. दुसरा कुठला तरी गॅस भरून द्या." एका ग्रंथालयाच्या संदर्भ दालनाचं हे एसीचं यंत्र. एकूण क्षमता २० टन, दोन स्वतंत्र सर्किटं (गॅस फिरण्याचे बंद मार्ग), प्रत्येकाला एक सेमी-हर्मेटिक (उघडून दुरुस्त करता येणारा) कॉम्प्रेसर, हवेने गार होणारा कंडेन्सर, वय १७ वर्षं. पाटीवर प्रत्येक सर्किटापुढे लिहिलेलं : आर-२२ (हाच तो बावीस गॅस), ११ किलो. दालनात जुनी बांधीव नियतकालिकं. म्हणजे नुसता गारवा पुरत नाही, हवेतला ओलावाही आटोक्यात लागतो.

"दुसरा कुठला तरी" हे शब्द मी वहीत लिहून ठेवले. पुढचे तीन आठवडे आम्ही त्यांच्याशीच झगडत होतो.

यंत्राकडे जाण्याआधी नोंदवही मागितली. पहिल्या सर्किटाची चार वर्षांची नोंद एकाच साच्यातली : उन्हाळा तोंडावर आला की "गॅस टॉप-अप केला, मशीन ओके." दरवेळी तीन ते चार किलो. बेरीज केली तर १४ किलो, म्हणजे एका पूर्ण भरणीपेक्षा जास्त गॅस चार वर्षांत हवेत गेलेला. आर-२२ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,८१० पट धरतात. त्या हिशेबाने हे १४ किलो म्हणजे सुमारे २५ टन कार्बन डायऑक्साइड. आणि चार वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं, की हा गॅस जातो कुठे?

एसीचा गॅस संपत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तो पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांत तो फिरत राहतो, एका टोकाला उकळतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा द्रव होतो. कमी झाला असेल तर भोक आहे. भोक न बुजवता नवा गॅस भरायचा म्हणजे फुटक्या माठात पाणी बदलायचं.

तेव्हा गॅस कुठला भरायचा हा प्रश्न बाजूला ठेवून आधी गळती शोधली. सर्किट रिकामं केलं तेव्हा काट्यावर ७.४ किलो भरले. नायट्रोजनचा दाब दिला, पाटीवर लो साइडची (कमी दाबाच्या बाजूची) जी मर्यादा होती तिच्या आत, १५० पीएसआय (दाबाचं माप). संध्याकाळी ठेवलेला दाब सकाळी १४१ झालेला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी : रात्री खोली ३० अंशांवरून २४ वर आली, तर गळती नसतानाही दाब तीनेक पीएसआय उतरतो. उरलेले सहा मात्र खरेच गेले होते.

जागा सापडली ती कूलिंग कॉइलच्या तोंडाशी. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह द्रव गॅसचा दाब उतरवून तो कॉइलकडे सोडतो. त्यानंतर डिस्ट्रिब्यूटरमधून बारीक तांब्याच्या नळ्या निघतात आणि कॉइलच्या वेगवेगळ्या फेऱ्यांना गॅस वाटतात. त्यातल्या दोन नळ्या १७ वर्षं एकमेकींवर घासत होत्या. घासल्या जागी तांबं आरशासारखं चकचकीत, आणि त्याच्या खाली धूळ धरलेला तेलाचा काळपट ओघळ. साबणाचं पाणी लावलं तर लगेच फुगा आला नाही. मनात वीसपर्यंत मोजलं तेव्हा मोहरीएवढा एक फुगा वर आला, फुटला, आणि पुन्हा धरला. चार वर्षांचा १४ किलो गॅस त्या मोहरीएवढ्या फुग्यातून गेला होता. दोन्ही नळ्या बदलल्या, ब्रेझिंग (तापवून धातूने जोडणं) करताना आतून नायट्रोजन सोडत ठेवला आणि मधे रबराची चकती घालून त्या एकमेकींपासून सोडवल्या.

कोठीत आर-२२चं एक अर्धंमुर्धं सिलेंडर होतं, ६ किलोचं. त्यातले ३.६ किलो घालून सर्किट पाटीवरच्या ११ किलोंवर आणलं आणि आठवडाभर तसंच चालवलं. ज्याला आर-२२ काढायचाच आहे त्याने तो आधी पूर्ण का भरावा, असं ग्रंथालयाच्या माणसाने विचारलं. रास्त प्रश्न. पण आजारी यंत्राची मोजमापं घेऊन पुढे त्यांच्याशी तुलना करायची तर नवा गॅस वाईट ठरतो की चांगला, काहीच कळत नाही. यंत्र धडधाकट असताना कसं चालत होतं ते आधी लिहून घ्यायला हवं. ते असं निघालं : बाहेर ३५ अंश असताना सक्शन (कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या गॅसचा दाब) ६८ पीएसआय, डिस्चार्ज (बाहेर पडणाऱ्याचा) २६५, कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज नळीवर ८८ अंश, करंट १७.६ अँपिअर, परत येणारी हवा २४ अंश, सुटणारी १३.२.

इथे खरं तर एक पर्याय तयार झाला होता, तो म्हणजे काहीच न करणं. गळती थांबलीय, गॅस पूर्ण आहे, चालू द्या. हा पर्याय आम्ही कागदावर पहिला लिहिला, आणि पुढे अर्ध्या यंत्राला तोच लागू झाला.

मग बदलायचाच कशाला

१९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी क्लोरीन असलेल्या या वायूंचा ओझोनशी संबंध मांडला, १९८५मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या घटीची निरीक्षणं प्रसिद्ध झाली आणि १९८७मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. आर-२२ हा त्यातला सौम्य गुन्हेगार. ओझोन नासण्याची त्याची क्षमता आर-११ या जुन्या वायूच्या मानाने (आर-११ म्हणजे १) ०.०५५. म्हणून त्याला मुदत जास्त मिळाली : विकसित देशांत २०२०पर्यंत, विकसनशील देशांत २०३०पर्यंत, आणि त्यानंतर जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरतं थोडंसं शेपूट. जुनं यंत्र वापरायला बंदी नाही. नवा गॅस तयार होणं आणि आयात होणं आटत जातं. त्यामुळे मालकाला कायद्याच्या आधी टंचाईच गाठते, आणि टंचाईत माणसं "दुसरा कुठला तरी" म्हणू लागतात.

पर्याय तपासताना आर-४१०ए पहिल्या फटक्यात बाद. त्याचा दाब आर-२२च्या सुमारे १.६ पट. ५० अंशांना आर-२२ जिथे २६७ पीएसआय दाखवतो तिथे हा ४२५च्या पुढे जातो. जुना कॉम्प्रेसर, जुनं कॉइल, जुने जोड यासाठी घडवलेलेच नाहीत. तरी हा प्रश्न दर वेळी येतो, कारण दुकानात तोच सहज मिळतो.

प्रोपेनबद्दल मात्र जास्त बोलावं लागलं. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, गॅस म्हणून उत्तम आहे. दाब आर-२२च्या जवळ, कॉम्प्रेसरमधलं जुनं मिनरल (खनिज) तेल चालतं, तापमानवाढीची क्षमता नगण्य. त्यामुळे "बावीस-ए" किंवा तत्सम नावांनी प्रोपेनची मिश्रणं आर-२२च्या जागी खपवली जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने याविरुद्ध जाहीर इशारा दिलेला आहे. ग्रंथालयाच्या बैठकीत एकाने हाच मुद्दा काढला : "सर, घरातल्या फ्रिजमध्ये तर असाच गॅस असतो ना?" असतो. पण ग्रॅममध्ये मोजण्याएवढाच. इथे, प्रोपेन वजनाला हलका म्हणून निम्म्याहून कमी लागतो असं धरलं तरी, पाच किलो. हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये ३८ ग्रॅम प्रोपेन मिसळला की ती हवा पेट घेऊ शकते. पाच किलो म्हणजे सुमारे १३० घनमीटर हवा, एका मोठ्या खोलीएवढी. आणि ही हवा कॉइलमधून थेट डक्टमध्ये, डक्टमधून कागदांच्या दालनात. शिवाय यंत्रातले काँटॅक्टर, प्रेशर स्विच, हीटर, सगळे ठिणगी टाकणारे किंवा खूप तापणारे. जे यंत्र प्रोपेनसाठी बांधलेलं नाही त्यात तो भरायचा नाही, मग कितीही गोड वाटो.

उरले दोन. आर-४२२डी आणि आर-४०७सी.

आर-४२२डीचं आकर्षण असं, की तेल बदलावं लागत नाही. त्यात थोडा आयसोब्यूटेन असतो, तो मिनरल तेलाला सोबत घेऊन कॉम्प्रेसरकडे परत आणतो. पण त्यात ६५ टक्के आर-१२५ आहे. एवढा जड गॅस तितकीच उष्णता वाहायला नळ्यांतून जास्त वजनाने फिरवावा लागतो. जुनी नळी, जुना एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तिथे अरुंद पडतात आणि क्षमता घटते. ज्या दालनात ओलावा काढायचाय तिथे आम्हाला ते परवडणारं नव्हतं. आणि तापमानवाढीची क्षमता २,७२९. आर-२२पेक्षा जास्त! ओझोन वाचवायला निघून हवामानाला जास्त जाच करायचा, हे मला पटलं नाही.

आर-४०७सी म्हणजे आर-३२, आर-१२५ आणि आर-१३४ए यांचं २३, २५, ५२ टक्क्यांचं मिश्रण. क्षमता आर-२२च्या जवळपास, दाब थोडा जास्त, तापमानवाढीची क्षमता १,७७४, म्हणजे जवळजवळ आर-२२एवढीच. त्यामुळे हाही कायमचा तोडगा नव्हे. २०१६च्या किगाली दुरुस्तीने या पिढीच्या वायूंनाही उतरती कळा लावून दिलेली आहे. यंत्राची अजून पाच-सात वर्षं काढायची आहेत, एवढ्यापुरताच हा हिशेब. आणि त्याची किंमत म्हणजे तेल : मिनरल तेल या गॅसशी मिसळत नाही, पीओई (पॉलिओल एस्टर) हे कृत्रिम तेल घालावं लागतं.

सगळी मेहनत तेलात

जाहिरातीत "ड्रॉप-इन" शब्द असतो. जुना काढा, नवा टाका. मला हा शब्द आवडत नाही. या प्रकरणात गॅस बदलायला एक दुपार लागली आणि तेल बदलायला चार दिवस.

तेल बदलताना आर-२२ काढून टाकायचा नसतो, हे नवख्यांना उलटं वाटतं. पीओई तेल आर-२२सोबतही चालतं. म्हणून जुना गॅस आत असतानाच कॉम्प्रेसर व्हॉल्व्ह बंद करून वेगळा काढायचा, तेवढ्यातला गॅस रिकव्हरी मशीनने ओढून घ्यायचा, तेल सोडायचं, पीओई भरायचं आणि यंत्र दिवसभर पळवायचं. पळताना नवं तेल कॉइलच्या कोपऱ्यांत दडलेलं जुनं तेल ओढून आणतं. कॉम्प्रेसरची भरणी चार लिटर. पहिल्यांदा सव्वातीनच लिटर निघालं. बाकीचं नळ्यांत कुठेतरी बसलेलं.

दर फेरीनंतर रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब. हे छोटं, डोळ्याला लावायचं यंत्र. काचेवर तेल पसरायचं, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून उजळ-काळ्याची सीमा कुठल्या रेघेवर येते ते पाहायचं. पहिल्या फेरीनंतर मिनरल तेल १९ टक्के, दुसरीनंतर ७, तिसरीनंतर ३. पाचच्या खाली आलं की थांबायचं. दुसऱ्या फेरीनंतर माझा सहकारी म्हणाला, "सात म्हणजे झालंच की!" मलाही तसंच वाटत होतं. दमलो होतो. पण हे उरलेलं तेल पुढे कूलिंग कॉइलच्या नळ्यांना आतून लेपासारखं चिकटून बसतं, आणि मग थंडावा का कमी येतोय याचा शोध सहा महिने चालतो.

पीओईचा दुसरा स्वभाव तहानेचा. डबा उघडा राहिला की हवेतला ओलावा पितं, आणि प्यालेलं पाणी व्हॅक्यूम मारून पुरतं निघत नाही. उलट तेलाचंच विघटन होऊन आम्ल तयार होतं. म्हणून एक-एक लिटरचे सीलबंद धातूचे डबे आणले, आणि उघडलेला डबा अर्धा उरला तरी परत वापरायचा नाही असं ठरवलं. तिसरा स्वभाव धुण्याचा. १७ वर्षांचा जो काही गाळ नळ्यांना चिकटलेला असतो तो हे तेल सोडवतं आणि गाळणीत आणून टाकतं. नवा ड्रायर (ओलावा आणि गाळ धरणारी गाळणी) बसवला तो या कामापुरताच. आठवड्याने परत काढला तेव्हा त्याची जाळी चहाच्या गाळणीसारखी दिसत होती.

याच दिवसांत दुसऱ्या सर्किटाच्या तेलाचाही नमुना घेतला. नाकाशी धरताच कळलं. करपट, आंबूस वास, रंग काळसर. आम्लचाचणीच्या नळीत रंग लगेच फिरला. मोटरच्या वाइंडिंगचा इन्सुलेशन रोधही पहिल्या सर्किटाच्या मानाने बराच खाली. हा कॉम्प्रेसर आतून थकलेला होता. त्यात पीओई घालणं म्हणजे साचलेला सगळा मळ एकदम सोडवून मोटरवर आणणं. त्याच दिवशी ठरलं : दुसरं सर्किट बदलायचं नाही. त्याची गळती तपासायची, मिनरल तेल बदलायचं, आम्ल शोषणारा ड्रायर घालायचा आणि यंत्र नवं येईपर्यंत त्याला बावीसवरच चालवायचं. त्यासाठी लागणारा गॅस पहिल्या सर्किटातून मिळणारच होता.

मिळाला १०.६ किलो. ११ भरले होते; थोडा तेलात विरघळलेला जातोच. तेल स्वच्छ, आम्ल नाही, म्हणून तो गॅस ड्रायरमधून गाळून, व्हॅक्यूम केलेल्या स्वतंत्र रिकव्हरी सिलेंडरमध्ये घेतला. सिलेंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचं नाही, कारण उन्हात द्रव फुगला तर त्याला जागा उरत नाही. आणि त्यात दुसरा कुठलाही गॅस कधीच जाऊ द्यायचा नाही. मिसळलेला गॅस कुणाच्याच कामाचा राहत नाही. तो वेगळा करून शुद्ध करणं अवघड आणि महाग, बहुधा नष्टच करावा लागतो.

यानंतर सील. आर-२२मध्ये १७ वर्षं मुरलेलं रबर फुगलेलं असतं आणि त्या फुगलेल्या आकारातच जोड घट्ट धरून बसतं. तो गॅस गेला की रबर आकसतं. त्यामुळे जो जोड कधीच गळला नाही तो गॅस बदलल्यावर गळू लागतो. सर्व्हिस व्हॉल्व्हच्या ओ-रिंगा, पिन व्हॉल्व्हच्या पिना, कॉम्प्रेसरच्या प्लेटचे गॅस्केट, साइट ग्लासची (आतला द्रव दिसावा म्हणून नळीवर बसवलेल्या काचेची) सील, अशी यादी करून सगळं बदललं. म्हणजे मला वाटलं, सगळं.

नवा गॅस भरण्याआधी आतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढायचा असतो. हा व्हॅक्यूम पहिल्या खेपेला ४५० मायक्रॉनवर (आकडा जितका कमी तितकं आत कमी उरलेलं) गेला आणि पंप बंद करताच १,५००वर चढून तिथेच थांबला. चढतच राहिला असता तर गळती. चढून थांबला म्हणजे आत ओलावा. कोरडा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडला, पुन्हा पंप लावला. तिसऱ्या खेपेला अर्ध्या तासात ५००च्या वर गेला नाही.

बबल आणि ड्यू

आता माझ्या चुका.

आर-४०७सी सिलेंडरमधून द्रवरूपातच घ्यायचा, म्हणजे सिलेंडर उलटं धरून. वरची वाफ घेतली तर आर-३२ आणि आर-१२५ आधी निघून येतात आणि मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. एवढं आम्हाला पाठ होतं. व्हॅक्यूममध्ये हाय साइडला सात किलो आपसूक गेले, बाकीचे यंत्र सुरू करून सक्शनला थेंबाथेंबाने सोडले. पाटीवरच्या वजनाच्या ९० ते ९५ टक्के भरायचं म्हणून १०.३ किलोंवर थांबलो. मग सुपरहीट, म्हणजे सगळा द्रव उकळून झाल्यावर वाफ आणखी किती अंश तापते ते, लावायला बसलो.

आर-२२ हा एकच वायू. एका दाबाला त्याचं उकळण्याचं तापमान एकच. मिश्रणाचं तसं नसतं. आर-४०७सी उकळायला लागतो एका तापमानाला आणि शेवटचा थेंब उडतो पाच-सहा अंश वर. म्हणून दाब-तापमानाच्या तक्त्यात दोन रकाने असतात, बबल (उकळायला लागतो ते तापमान) आणि ड्यू (शेवटचा थेंब उडतो ते). सबकूलिंग (द्रव झाल्यावर गॅस आणखी किती अंश गार होतो ते) काढताना बबल बघायचा, सुपरहीट काढताना ड्यू. वर्षानुवर्षं एकच रकाना वाचलेला डोळा सवयीने पहिल्यावरच जातो. त्या संध्याकाळी माझाही गेला.

गेज दाखवत होता ७२. पहिल्या रकान्यात ७२ पीएसआयला दीड अंश. सक्शन नळीवरचा थर्मामीटर साडेआठ. सुपरहीट ७, अगदी हवा तेवढा. एक्स्पान्शन व्हॉल्व्हची टोपी लावून हात पुसले. पण सहकारी कॉम्प्रेसरपाशी बसलेला होता. तो म्हणाला, "सर, बुडापर्यंत घाम आलाय." बघितलं, तर सक्शन नळीवरचं दव कॉम्प्रेसरच्या पोटावर उतरलेलं, तेलाच्या काचेत साबण कालवल्यासारखा फेस, आणि क्रँककेसला (कॉम्प्रेसरच्या खालच्या, तेलाच्या भागाला) हात लावला तर गार. कॉम्प्रेसर द्रव पीत होता. दुसऱ्या रकान्यात ७२ पीएसआयला साडेसात अंश. खरा सुपरहीट एक.

एक रात्र तसाच चालला असता तर फेसाळलेल्या तेलात बेअरिंगं घासून गेली असती, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं की नवा गॅस या यंत्राला मानवला नाही. व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा आवळत, दर वेळी पंधरा मिनिटं थांबत, ६६ पीएसआयवर आणला. ड्यू साडेपाच, नळी साडेबारा. पोटावरचा घाम मागे सरकला, फेस बसला. त्यानंतर मी दाब-तापमानाच्या तक्त्यात बबलच्या रकान्यावर लाल पेनने "सक्शनला नाही" असं लिहिलंय. ते अजून तसंच आहे.

या सहा अंशांच्या फरकाचा आणखी एक परिणाम कॉइलवर दिसतो. कॉइलच्या तोंडाशी गॅस एक अंशाच्या आसपास असतो आणि शेवटाला साडेपाचच्या. पूर्वी सगळीकडे साधारण सारखा असायचा. म्हणजे एअर फिल्टर कोंदला की बर्फ धरणार तो तोंडाच्या बाजूला. ग्रंथालयाला फिल्टर धुण्याची पाळी महिन्यावरून पंधरवड्यावर आणायला सांगितली.

दुसरी चूक नवव्या दिवशी उघडी पडली, आणि ती पकडली प्लँटवर बसणाऱ्या माणसाने. त्याला रोज दोन वेळा लिक्विड लाइनचं (कंडेन्सरमधून निघणाऱ्या द्रवाच्या नळीचं) तापमान आणि डिस्चार्जचा दाब लिहायला सांगितलं होतं. सबकूलिंग सुरुवातीला साडेपाच येत होतं. त्याचा फोन आला, "साहेब, आकडे रोज थोडे थोडे सरकतायत. काच पण भरल्यासारखी दिसत नाही." काचेतल्या बुडबुड्यांवर मिश्रणाच्या बाबतीत मी भरवसा ठेवत नाही, पण आकडे खरे होते. सबकूलिंग एकावर आलेलं.

गळती होती लिक्विड लाइनच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला, म्हणजे विजेने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्हला. त्याची विजेची कॉइल काढली की खाली जी नळी दिसते तिच्या बुडाशी एक ओ-रिंग असते. विजेची कॉइल वर बसलेली म्हणून यादी करताना तो भाग माझ्या डोक्यात "इलेक्ट्रिकल" खात्यात जमा झाला होता. काढली तर रिंग कडक, एका बाजूला चपटी, खोबणीत सैल. नवी रिंग हातात घेऊन शेजारी धरली तर जुनी स्पष्ट बारीक दिसत होती.

मिश्रण गळलं की पुढचा प्रश्न येतो : वरून भरायचं, की सगळं काढून नव्याने? वाफेच्या जागेतून गळलं तर हलके घटक जास्त जातात आणि आत उरतो तो वेगळाच गॅस. इथे गळती भरलेल्या लिक्विड लाइनवर होती. तिथून जातो तो तिन्ही घटकांसकट, मूळ प्रमाणातच जातो. म्हणून वरूनच ०.९ किलो द्रव भरला आणि सबकूलिंग साडेपाचवर परत आलं. गळती कूलिंग कॉइलमध्ये असती तर मी सगळा गॅस काढला असता.

महिन्याभराने, बाहेर पुन्हा ३५ अंश असतानाचे आकडे : सक्शन ६६, डिस्चार्ज २८८, डिस्चार्ज नळी ८१ अंश, करंट १८.१ अँपिअर, परत येणारी हवा २४, सुटणारी १३.६. म्हणजे वीज किंचित जास्त, गारवा किंचित कमी, कॉम्प्रेसरचं डोकं सात अंशांनी थंड. दालनातला ओलावा पूर्वीच्याच मर्यादेत. जे हातात आलं ते असं. यात विजेची बचत नाही, आणि ज्यांनी बचतीचं सांगून गॅस बदलायला लावला असेल त्यांना आधीचे आकडे दाखवायला सांगावं.

प्रेशर स्विचचे कट-आउट (ज्या दाबाला यंत्र आपोआप बंद होतं ते आकडे) नव्या दाबांना जुळवले, आणि पहिल्या सर्किटावर दोन ठिकाणी पाटी लावली : आर-४०७सी, पीओई तेल, वजन, तारीख. कारखान्याच्या पाटीवरचं आर-२२ रंगाने खोडलं. हे काम बारीक वाटतं, पण चार महिन्यांनी मी नसताना दुसरा मेकॅनिक आला होता, बावीसचं सिलेंडर खांद्यावर घेऊनच. जुन्या वहीत तसंच लिहिलं होतं ना! प्लँटवरच्या माणसाने त्याला पाटीसमोर उभं केलं. एक होज जोडायचा अवकाश होता, की १० किलो गॅस कचरा झाला असता.

दुसऱ्या सर्किटात गळती निघाली ती फक्त एका फ्लेअर जोडाला (नळीचं तोंड पसरवून नटाने आवळलेल्या जोडाला). तेल दोनदा बदलल्यावर आम्लचाचणी साफ आली. मोटर आहे तशीच थकलेली आहे. ती जाईल तेव्हा दोन्ही सर्किटांसकट यंत्रच बदलायचं, आणि सौम्य ज्वलनशील नव्या वायूंसाठी मुळातून बांधलेलं आणायचं, हे ग्रंथालयाने लेखी मान्य केलंय. तोवर तिच्यासाठी राखीव गॅस आहे : काढलेले १०.६ आणि कोठीतल्या सिलेंडरमधले उरलेले २.४, मिळून १३ किलो. दोन्ही सिलेंडरं वेगळी, नावं लिहिलेली, साखळीने बांधलेली. दर तपासणीला ती काट्यावर ठेवतो आणि वजन वहीत लिहितो. दोन उन्हाळे गेले. आकडा अजून तेराच आहे.